शेततळ्यातली फाईल

फेब्रुवारी उजाडला की कवठे महांकाळच्या आजूबाजूला बेदाण्याचे शेड भरायला लागतात. द्राक्षं डिपिंगच्या पाण्यात, म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवून रॅकवर पसरतात. बारा-पंधरा दिवसांत ती वाळतात, मग झाडणी आणि प्रतवारी होते, आणि पंधरा किलोच्या पेट्या कोल्ड स्टोरेजला जातात. चार किलो द्राक्षांतून जेमतेम एक किलो बेदाणा हाती येतो. त्यामुळे काट्यापाशी उभा राहिलेला शेतकरी पन्नास ग्रॅमसुद्धा सोडत नाही, आणि सोडू नयेच. अशाच एका कोल्ड स्टोरेजच्या काट्यानं मला या पुस्तिकेचा विषय दिला.

तिथे माझा सी भाषेतला एक जुना प्रोग्रॅम चालायचा. एका लॉटच्या पेट्यांची वजनं मजकुराच्या फाईलमधून वाचायची, बेरीज करायची, आणि पावती छापायची, एवढंच त्याचं काम. तो लिहिला तेव्हा लॉटची फाईल फ्लॉपीवरून यायची. त्यातलं लॉट वाचणारं फंक्शन चारशेक ओळींचं होतं, आणि त्या चारशे ओळींत कैक हंगामांचं शहाणपण साठलं होतं: कुणी किलोऐवजी क्विंटल टाकलं तर काय करायचं, रिकामी ओळ आली तर काय, एकच पेटी दोनदा काट्यावर चढली तर काय. पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला. त्याच्या डब्यातून एक तार निघायची आणि वजनाच्या ओळी सिरियल पोर्टावर येऊन पडायच्या. तिथून त्या थेट मेमरीतल्या बफरमध्ये जमा व्हायच्या. आता फाईल नव्हतीच. मजकूर तोच, ओळी त्याच, पण त्या होत्या कॅरेक्टरच्या एका अ‍ॅरेत, आणि माझं चारशे ओळींचं फंक्शन मागत होतं फाईल पॉईंटर.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. फंक्शन नव्यानं लिहायचं. म्हणजे ते शहाणपण पुन्हा पैदा करायचं आणि जुन्या चुकाही पुन्हा करायच्या. बफर आधी डिस्कवर तात्पुरत्या फाईलमध्ये ओतायचा, ती फाईल उघडून वाचायची, मग पुसायची. दर लॉटला हा द्राविडी प्राणायाम. तिसरी वाट मला तोवर माहीतच नव्हती, आणि ती निघाली एका ओळीची. एफमेमओपन नावाचं एक फंक्शन आहे. त्याला बफरचा पत्ता द्या, लांबी द्या, ‘वाचायचं आहे’ असं सांगा. ते तुमच्या हाती खराखुरा फाईल पॉईंटर ठेवतं. माझ्या जुन्या फंक्शनला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही की त्याच्या समोर फाईल नाहीच.

इथे एक जाणकार हटकेल: सिरियल पोर्ट हीसुद्धा लिनक्सवर फाईलच, मग एफडीओपननं थेट तिच्यावरच स्ट्रीम का नाही चढवला? चढवला होता. पण पोर्टाला शेवट नसतो. लॉट संपला तरी माझं फंक्शन पुढच्या ओळीची वाट बघत बसायचं आणि पावती दुसऱ्या शेतकऱ्याची पहिली पेटी काट्यावर चढेपर्यंत अडकायची. मेमरीतल्या स्ट्रीमला मात्र शेवट असतो, आणि तो कुठे आहे हे मी सांगितलेलं असतं. काटेवाल्यानं ‘लॉट पूर्ण’ची कळ दाबली की तोवर जमलेला बफर घ्यायचा आणि वाचायला द्यायचा, हे जमून गेलं.

आता विषयाकडे. ‘फाईल’ म्हटलं की डोळ्यांपुढे डिस्क येते, फोल्डर येतो, नाव येतं. सीमधल्या फाईल या प्रकाराचा या कशाशीही थेट संबंध नाही, ही गोष्ट आपल्या वर्गात सांगायची राहून जाते. फाईल पॉईंटरच्या मागे एक छोटी नोंदवही असते. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकात ती उघडून दाखवली आहे: किती अक्षरं शिल्लक आहेत त्याचा आकडा, पुढचं अक्षर कुठे आहे तो पत्ता, बफर कुठून सुरू होतो तो पत्ता, वाचायचं की लिहायचं याच्या खुणा, आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमनं दिलेला फाईलचा क्रमांक. एक अक्षर मागितलं की शिल्लक आकडा एकानं कमी होतो आणि पत्ता एकानं पुढे सरकतो. शिल्लक संपली तरच क्रमांक वापरून डिस्ककडे नवी भर मागितली जाते. म्हणजे बहुतेक वेळ तुम्ही फाईलमधून वाचता तेव्हा वाचत असता मेमरीतूनच. डिस्क मधूनमधून येऊन भर घालून जाते, इतकंच.

हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगणं फार सोपं आहे. कृष्णेचं पाणी म्हैसाळहून टप्प्याटप्प्यानं उचलून मिरज, कवठे महांकाळ, तासगाव, जतकडे येतं. पण ते येतं आवर्तनानं. आज पाट भरून वाहतो, मग कित्येक दिवस कोरडा. म्हणून द्राक्षवाला शेततळं खोदतो, त्याला प्लास्टिकचा कागद अंथरतो, आवर्तन आलं की भरून घेतो, आणि मोटर त्या तळ्यावर बसवतो. आता बागेतल्या ठिबककडे बघा. लॅटरलमधून थेंब पडतोय. तो थेंब कृष्णेचा की बोअरचा की उन्हाळ्यात विकत घेतलेल्या टँकरचा, हे ठिबकला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही. त्याला दाब हवा आणि पाणी हवं. फाईल पॉईंटर म्हणजे बागेच्या तोंडाशी असलेला तो व्हॉल्व्ह. एफगेट्स, एफस्कॅनएफ, एफप्रिंटएफ ही सगळी मंडळी व्हॉल्व्हच्या अलीकडची. पलीकडे नदी जोडा नाहीतर तळं जोडा. एफमेमओपन म्हणजे तळं जोडणं. उपमा इथेच सोडतो, फार ताणली तर कागद फाटेल. फक्त एक लक्षात ठेवा की तळ्याची क्षमता खोदतानाच ठरते. पुढे त्याचं काम पडणार आहे.

मला सगळ्यात गंमत वाटते ती ही की ही युक्ती नंतर सुचलेली नाही. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधलं एसप्रिंटएफ काढून बघा. पाच-सात ओळींचं आहे. एसप्रिंटएफ म्हणजे अ‍ॅरेत छापणारं फंक्शन. ते स्वतः काहीच छापत नाही. ते एक खोटी फाईल उभी करतं, तिच्या ‘पुढचं अक्षर कुठे’ या खुणेत तुमच्या अ‍ॅरेचा पत्ता घालतं, ‘शिल्लक’ म्हणून ३२७६७ हा आकडा ठोकून देतं, आणि मग खऱ्या फाईलवर छापणाऱ्या यंत्राच्याच ताब्यात ही खोटी फाईल देतं. शेवटी एक शून्य बाइट. म्हणजे ज्यानं कधी एसप्रिंटएफ वापरलं त्यानं मेमरीची फाईल करून वापरलीच आहे. फक्त ती त्याच्या हातात कुणी दिली नव्हती. आणि तो ३२७६७ बघा. तुमचा अ‍ॅरे ऐंशी अक्षरांचा असो नाहीतर आठ, फंक्शन समजून चाललंय की बत्तीस हजार जागा मोकळ्या आहेत. पुढची कित्येक वर्षं सी प्रोग्रॅमना भोवलेली बफर उतू जाण्याची दुखणी या एका बेफिकीर आकड्यात दिसतात. एफमेमओपनला लांबी द्यावी लागते, ती याच्यासाठी.

ते ग्नूच्या सी लायब्ररीत, म्हणजे ग्लिबसीत, बरीच वर्षं होतं. २००८ च्या पॉझिक्स प्रमाणात त्याला अधिकृत जागा मिळाली, त्याच्या दोन भावंडांसकट: ओपन_मेमस्ट्रीम आणि रुंद अक्षरांसाठीचं ओपन_डब्ल्यूमेमस्ट्रीम. अ‍ॅपलच्या मॅकवर ते २०१७ च्या १०.१३ आवृत्तीत आलं. विंडोजच्या लायब्ररीत ते नाही. सी भाषेच्या मूळ प्रमाणातही ते नाही. अलीकडच्या सी२३ नं पॉझिक्सकडून एसटीआरडप उचललं, हे मात्र मागेच ठेवलं. मला हे पटलेलं नाही, पण समितीला माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

या लायब्ररीतली कामं कुणी दूरदेशीचे ऋषी करतात असं विद्यार्थ्यांना वाटतं. २०१५ मध्ये ग्लिबसीच्या २.२२ आवृत्तीसाठी एफमेमओपन जवळजवळ नव्यानं लिहिलं गेलं, ते ब्राझीलच्या आधेमेर्वाल झानेला यांनी. त्याच्या आदल्या वर्षी याच लायब्ररीतल्या एफटेलचं, म्हणजे ‘स्ट्रीममध्ये मी आत्ता कुठे आहे’ सांगणाऱ्या फंक्शनचं, पुढे जोडत लिहिण्याच्या मोडमधलं चुकीचं उत्तर दुरुस्त करत होते सिद्धेश पोयरेकर. पुण्यात रेड हॅटमध्ये काम करताना ते ग्लिबसीकडे वळले, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.२५ आवृत्तीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुणे कवठे महांकाळहून एसटीच्या एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तुमच्या प्रोग्रॅमखाली जो कोड पळतो त्यातल्या ओळी आपल्याकडच्या माणसानं लिहिलेल्या असू शकतात, आणि पुढची ओळ तुम्ही लिहायला कुणाची हरकत नाही.

मग हे आपल्या अभ्यासक्रमात का नाही? कारण आपल्याकडे सी शिकवलं गेलं ते निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’नं मराठी मुलांच्या दोन पिढ्यांना हात धरून चालवलं, त्यात मीही होतो, आणि ते ऋण मोठं आहे. पण डॉसवरच्या टर्बो सीत पॉझिक्सचा वारा नव्हता. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये फाईलचा धडा म्हणजे विद्यार्थ्यांच्या गुणांची फाईल उघडा, लिहा, बंद करा. फाईलचं नाव फंक्शनच्या पोटातच लिहिलेलं. ती सवय नोकरीपर्यंत जाते. मी आजही अशी फंक्शनं बघतो जी स्वतःच फाईल उघडतात, स्वतःच वाचतात, स्वतःच बंद करतात. बाहेरून काही देण्याची सोयच नाही.

या पुस्तिकेतला माझा खरा आग्रह इथे आहे. एफमेमओपन ही एक कळ आहे. ती लागू पडण्यासाठी दार तसं बसवलेलं असावं लागतं. माझं काट्याचं फंक्शन वाचलं, कारण मी योगायोगानं, खरं सांगायचं तर आळसानं, ते फाईलचं नाव न घेता फाईल पॉईंटर घेणारं लिहिलं होतं. उघडण्याचं काम मुख्य फंक्शनकडे होतं. नाव घेणारं लिहिलं असतं तर एफमेमओपनचा मला काडीचाही उपयोग झाला नसता. वाचणाऱ्या फंक्शननं उघडू नये, उघडणाऱ्यानं वाचू नये. हे एकदा पाळलं की चाचणी घेणं इतकं सोपं होतं की ती न घेण्याला सबब उरत नाही. वाईट लॉटचे नमुने प्रोग्रॅममध्येच मजकूर म्हणून लिहा: मधेच रिकामी ओळ, उणे वजन, विंडोजकडून आलेलं ओळीच्या शेवटचं जास्तीचं चिन्ह, शेवटच्या ओळीला ओळबदलच नाही. प्रत्येकावर एफमेमओपन चढवा आणि फंक्शनला द्या. डिस्कवर एक फाईल तयार होत नाही, एक पुसावी लागत नाही, दोन चाचण्या एकमेकींच्या फाईली तुडवत नाहीत.

वाचण्याची बाजू सरळ आहे. एकच खोड तिथे बहुतेकांना चावते. बफर हजार बाइटांचा, त्यात मजकूर तीनशेचा, आणि लांबी म्हणून तुम्ही हजार दिलीत तर स्ट्रीम पूर्ण हजार वाचतो. शून्य बाइट दिसला म्हणून तो थांबत नाही. त्याच्या लेखी शून्य हाही एक बाइटच. उरलेले सातशे बाइट कचरा म्हणून तुमच्या फंक्शनच्या गळ्यात पडतात. वाचताना बफरची क्षमता द्यायची नसते, आतल्या मजकुराची लांबी द्यायची असते.

लिहिण्याची बाजू मात्र निसरडी, आणि त्यावर या पुस्तिकेची निम्मी पानं खर्ची पडली आहेत. माझा पहिला अपघात पावतीचा. पावती छापणारं फंक्शनही फाईल पॉईंटर घेणारं होतं. शेतकऱ्याच्या मोबाईलवर पावतीचा मजकूर पाठवायची मागणी आली. मी म्हटलं, सोपं आहे, या खेपेला लिहिण्यासाठी मेमरी उघडू. उघडली, पावती ‘छापली’, बफर बघितला, तर रिकामा. अर्धा दिवस गेला. कारण असं: मेमरीतल्या स्ट्रीमलाही त्याचा स्वतःचा बफर असतो. एफप्रिंटएफ आधी त्या मधल्या बफरमध्ये लिहितं. तिथून तुमच्या बफरमध्ये मजकूर उतरतो तो एफफ्लश केल्यावर किंवा एफक्लोज केल्यावर. डिस्कच्या फाईलबाबत हे आपल्याला माहीत असतं, पण ‘ही तर मेमरीच आहे, लिहिलं की लगेच दिसणार’ असं मन परस्पर ठरवून मोकळं होतं. ओघानंच आणखी एक गोष्ट आली: हे प्रकरण वेगवान आहे असा समज करून घेऊ नका. मजकूर दोनदा हलतो. एखादी छोटी ओळ बनवायची असेल तर एसएनप्रिंटएफ बरं. एफमेमओपन वेगासाठी घ्यायचं नसतं, जुळवून घेण्यासाठी घ्यायचं असतं.

दुसरा अपघात जास्त शिकवून गेला, आणि तो इंग्रजी पुस्तकात सापडायचा नाही. पावतीसाठी मी २५६ बाइटांचा बफर ठेवला होता. इंग्रजी पावती त्यात ऐसपैस मावायची. जुन्या दिवसांत मराठी पावतीही मावली असती, कारण श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये अक्षराच्या एका तुकड्याला एक बाइट पुरायचा. युनिकोड आल्यावर हिशेब बदलला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही सगळी वेगवेगळी चिन्हं. ‘कवठे महांकाळ’ हे नाव घ्या. डोळ्याला सात अक्षरं दिसतात. चिन्हं मोजली तर कवठेची चार आणि महांकाळची सात, मिळून अकरा. अकरा त्रिक तेहतीस, मधली मोकळी जागा एक, एकूण चौतीस बाइट. त्यात शेतकऱ्याचं स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव, गावाचं, तालुक्याचं नाव, लॉट, पेट्या, वजन. पावती तळ्याबाहेर गेली. मोबाईलवर मजकूर अर्धवट पोचला, आणि शेवटी चौकोनात प्रश्नचिन्ह, कारण कापणी एका चिन्हाच्या तीन बाइटांच्या मध्येच झाली होती. वजनाचा आकडा शेवटच्या ओळीत होता. तोच गेला. शेतकरी पावती घेऊन काट्यावर आला तेव्हा त्याच्या तोंडून जे निघालं ते प्रस्तावनेत लिहिता येत नाही.

प्रोग्रॅमला हे कळलं नाही का? कळलं होतं, मी विचारलं नव्हतं. क्षमतेपलीकडे लिहिलं की स्ट्रीम चूक दाखवतो, पण मधल्या बफरमुळे ती चूक एफप्रिंटएफच्या वेळी दिसत नाही. ती दिसते उपसा होतो तेव्हा, म्हणजे एफफ्लश किंवा एफक्लोजच्या उत्तरात. एफक्लोजचं उत्तर तपासणारा माणूस मी त्या दिवसापर्यंत पाहिलेला नव्हता, आरशातही नाही. चूक जागच्या जागी पकडायची असेल तर सेटबफ वापरून मधला बफर काढून टाकता येतो. वेग कमी होतो, पण डोळे उघडे राहतात. शिवाय मजकुरानंतरच्या शून्य बाइटालाही याच बफरमध्ये जागा लागते. म्हणून बफर नेहमी एका बाइटानं मोठा धरायचा.

या सगळ्यावर खरं औषध म्हणजे धाकटं भावंड, ओपन_मेमस्ट्रीम. ते फक्त लिहिण्यासाठी. त्याला तुम्ही बफर देत नाही. दोन रिकाम्या खुणा देता, एक पत्त्यासाठी, एक लांबीसाठी. लिहीत जाल तसा ते बफर वाढवत जातं, आणि एफफ्लश किंवा एफक्लोजनंतर त्या दोन खुणांत खरा पत्ता आणि खरी लांबी भरून देतं. काम झालं की तो बफर फ्री करण्याची जबाबदारी तुमची. ती विसरणारे पुष्कळ. पावती आता याच्यावर लिहिली जाते. गावाचं नाव केवढंही असू दे. माझा सरधोपट नियम असा झाला आहे: वाचायचं असेल तर एफमेमओपन, लिहायचं असेल तर ओपन_मेमस्ट्रीम. एफमेमओपननं लिहायचं ते तेव्हाच जेव्हा जागा खरोखर ठरलेली आहे आणि बाहेर एकही बाइट जाता कामा नये.

कुठे हे चालत नाही तेही सांगितलं पाहिजे. या स्ट्रीममागे ऑपरेटिंग सिस्टिमचा क्रमांक नसतो. फाईलनो विचाराल तर चूक येते. म्हणून ज्या लायब्ररीला क्रमांकच हवा, जिथे दुसऱ्या प्रोसेसला फाईल सोपवायची आहे किंवा एममॅप करायचं आहे, तिथे हे लंगडं. तिथे लिनक्सवर मेमएफडी_क्रिएट आहे. २०१४ मधल्या ३.१७ कर्नलपासूनचं. ते मेमरीतच, पण खऱ्या क्रमांकाची फाईल देतं. आणि स्वतःच वाचण्या-लिहिण्याची रीत ठरवायची असेल, म्हणजे पलीकडे नदीही नको आणि तळंही नको, थेट ढगच जोडायचा असेल, तर ग्लिबसीचं एफओपनकुकी आणि बीएसडीचं फनओपन. त्यांच्यावर एकेक छोटं प्रकरण आहे, जास्त नाही.

मजकुराला फाईल समजून वाचण्याचा एक जगप्रसिद्ध फजितीचा दाखला पुस्तिकेत सविस्तर आहे, इथे चुणूक देतो. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाईन हा गेम सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरनं सोर्स कोड हातात नसताना कारण खणून काढलं. सुमारे दहा एमबीचा मजकूर, त्यात त्रेसष्ट हजारांच्या आसपास नोंदी, आणि तो तुकड्या-तुकड्यानं वाचायला एसस्कॅनएफ. एसस्कॅनएफ दर वेळी नवी खोटी फाईल उभी करतं, आणि ती उभी करताना आधी उरलेला सगळा मजकूर शेवटपर्यंत मोजून त्याची लांबी काढतं. एक आकडा वाचायला दहा एमबी चालत जायचं, पुढच्या आकड्याला पुन्हा तेवढंच. हे आणि आणखी एक ढिसाळ शोध दुरुस्त केल्यावर त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचा वेळ दोनच्या आत आला. कंपनीनं दुरुस्ती मान्य केली आणि त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिलं. स्ट्रीम एकदाच उघडला असता तर लांबी एकदाच मोजली गेली असती, आणि कुठपर्यंत वाचलं ते त्यानंच लक्षात ठेवलं असतं. शेताची मोजणी दर रोपाला पाणी घालताना कुणी करत नाही.

पुस्तिका कुणासाठी? ज्याला सीमधले पॉईंटर बऱ्यापैकी समजले आहेत आणि फाईलचा धडा एकदा झाला आहे, त्याच्यासाठी. लिनक्स असलेला कुठलाही संगणक चालेल, जुनासुद्धा. विंडोजवाल्यांनी त्यातच लिनक्सचा थर बसवून घ्यावा; ते करायचं नसेल तर टीएमपीफाईल वापरून तात्पुरत्या फाईलची वाट आहे, ती परिशिष्टात दिली आहे. टर्बो सीवर यातलं काहीही चालणार नाही, आणि ते सोडायला हे कारण पुरेसं वाटलं तर मला आनंदच आहे. फंक्शनची नावं प्रस्तावनेत मी वर्गात उच्चारतो तशी लिहिली आहेत. आतल्या प्रकरणांत ती संगणकाला लागतात तशीच येतील. उदाहरणांतली गावं आमच्याच तालुक्यातली आहेत: रांजणी, देशिंग, कुची, नागज, ढालगाव. प्रत्येक नावाचे बाइट मोजून ठेवले आहेत.

पहिल्या प्रकरणाचा पहिला सराव मात्र तालुक्याच्याच नावाचा. पस्तीस बाइटांचा बफर घ्या, तो लिहिण्यासाठी एफमेमओपननं उघडा, ‘कवठे महांकाळ’ लिहा, बंद करा, आणि एफक्लोजचं उत्तर छापा. मग पस्तिसाच्या जागी चौतीस घाला आणि तेच पुन्हा करा. शेवटचा ‘ळ’ नीट बघा.